रुआपेहू चढण्याआधी: तळ्याचं तापमान बघावं की वायूचे आकडे?

न्यूझीलंडच्या रुआपेहू या जिवंत ज्वालामुखीवर (२,७९७ मीटर) जायचं ठरवताना लोक जिओनेटचा (तिथल्या ज्वालामुखींवर नजर ठेवणारी संस्था) एकच आकडा बघतात: विवरातल्या तळ्याचं तापमान. साहजिकच आहे. तो रोज मिळतो, फुकट मिळतो आणि चटकन कळतो. वायूच्या मोजणीसाठी विमानाला डोंगरावरच्या धुरातून फेऱ्या माराव्या लागतात, हवा बिघडली की तेही राहतं. दोन मोजण्यांमध्ये कधी कधी आठवडे जातात.

म्हणून तळं सरस? मला तसं वाटत नाही. या तळ्याचं पाणी एरवीही साधारण १५ ते ४० अंशांमध्ये वरखाली होत असतं. मे २०२२ मध्ये ते ४१ अंशांवर गेलं, वायूही जोरात होता, धोक्याची पातळी (० ते ५ पैकी) २ होती. उद्रेक झाला नाही. उलट २५ सप्टेंबर २००७ च्या रात्री पाणी जेमतेम १३ अंश होतं आणि डोंगर फुटला. जवळच्या निवाऱ्यात झोपलेल्या एका गिर्यारोहकाला पाय गमवावा लागला. तळ्याखालची वाट गंधकाने बुजली की उष्णता वर येतच नाही. शिट्टी अडकलेला कुकरही शांतच असतो.

वायूचा फायदा असा की तो खालच्या मॅग्माची (वितळलेल्या खडकाची) खबर देतो. सल्फर डायऑक्साइड तळ्याच्या पाण्यात बराच विरघळतो, कार्बन डायऑक्साइड मात्र बहुतांशी निसटून वर येतो. त्यामुळे नुसत्या प्रमाणापेक्षा दोघांचं गुणोत्तर जास्त बोलतं. कोस्टा रिकाच्या पोआस ज्वालामुखीवर २०१४ मध्ये स्फोटांच्या आधी हे गुणोत्तर वाढलेलं दिसलं होतं. पण तिथे उपकरण विवरातच ठेवलेलं होतं, अधूनमधून येणारं विमान नव्हतं. आणि वाट बुजली तर वायूही अडकतोच.

तळ्याची पातळी मात्र लोक विसरतात. २४ डिसेंबर १९५३ ला उद्रेक नव्हताच, राखेचा बांध फुटून पाणी सुटलं, तांगीवाईचा रेल्वेपूल गेला आणि १५१ माणसं मेली. मार्च २००७ मध्ये तसाच बांध फुटला तेव्हा नजर ठेवलेली होती, कोणी दगावलं नाही. नदीकाठच्या वाटेने जाणार असाल तर पातळीच बघा.

माथ्यावर जाणाऱ्याने वायूचा ताजा अहवाल आधी वाचावा, तापमान त्यानंतर. पाणी थंड आहे म्हणून तळ्याकाठी मुक्काम करू नये.