‘आनंद नाम संवत्सरे’ : ठासणीच्या बंदुकीपायी माझे १ लाख ३५ हजार कसे गेले

माझे आजोबा कुडाळजवळ भात आणि नाचणी करायचे. डुकरं आणि वानरं पीक राहू देत नसत, म्हणून त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी ठासणीची बंदूक होती. मे महिन्यात पडवीत बसून ते ती साफ करायचे. नळीत कढत पाणी ओतायचे, दारूच्या काजळीचं काळं पाणी अंगणात सांडायचे, मग गजाला तेलाची चिंधी गुंडाळून आतून फिरवायचे. मी सरकत जवळ गेलो की म्हणायचे, “तेका हात लावू नको.” ते वारले आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. परवाना नावावर करून घ्यायला घरात कोणी पुढे आलं नाही, त्यामुळे ती कायमची गेली. तिचा लोखंडी गज तेवढा माळ्यावर राहिला होता, तो मी साताऱ्याला घेऊन आलो.

हे सगळं मी ज्याला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, त्यानेच मला फसवलं. म्हणून सुरुवात इथून करतोय.

गेल्या वर्षी शिवजयंतीला आमच्या भागात शस्त्रप्रदर्शन होतं. धोप, पट्टे, कट्यारी यांच्या शेवटी एका टेबलावर दोन लांब नळीच्या बंदुका ठेवल्या होत्या, आणि मी तिथेच उभा राहिलो. मला तोड्याच्या बंदुकीचं वेड आहे. तोंडातून दारू भरायची, वर गोळी, गजाने ठासायचं, बाजूच्या पेल्यात रंजक म्हणजे पेटवायची बारीक दारू घालायची, जळता तोडा म्हणजे दोरीची वात चापाने त्या रंजकीवर टेकवायची. युरोपात चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुका आल्या तरी आपल्याकडे तोडा एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला, कारण त्याला गारगोटी नको की कडक कमान नको, गावचा लोहारही तो दुरुस्त करायचा. अशी एक बंदूक घरात भिंतीवर असावी, खाली आजोबांचा गज असावा, एवढीच माझी इच्छा होती. टेबलामागचा गृहस्थ शांतपणे ऐकत होता. म्हणाला, “यातली एकही विकायची नाही हो. पण तुमच्यासारखा माणूस फार दिवसांनी भेटला.” त्याने माझा नंबर घेतला.

पंधरा दिवसांनी फोन आला. एका जुन्या सरदार घराण्यात आजारपण निघालंय, एक बंदूक द्यायचीय, पण योग्य माणसाकडेच. घराण्याचं नाव सांगायचं नाही, अब्रूचा प्रश्न आहे. वाईच्या अलीकडे एका जुन्या वाड्यात बोलावलं. तिथे वयस्कर बाई होत्या, डोक्यावर पदर, त्यांनी चहा दिला आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. तो वाडा चार दिवसांसाठी भाड्याने घेतला होता, हे मला नंतर कळलं.

बंदूक लाल आलवणात गुंडाळलेली होती. नळी सव्वाचार फूट, दस्ता काळपट, वर सोनेरी वेलबुट्टी, आणि नळीच्या बुडाशी कोरलेला लेख : ‘श्री शके १६९६ आनंद नाम संवत्सरे’. गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाला, “सवाई माधवराव जन्मले ते साल. आग्र्याच्या कारखान्यातली आहे, महादजीबाबांच्या कंपूतली.” माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, त्या क्षणी मी विचार करणं थांबवलं.

नळीत बघायला मी मोबाइलचा टॉर्च काढला तर तोंडाशी कापडाचा घट्ट बोळा. “काढू नका, बार तसाच भरलेला असावा, पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावला नाही.” ही थाप फार विचार करून मारलेली होती, कारण त्यात तथ्य आहे. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. मला हे ठाऊक होतं, म्हणूनच मी मागे सरलो. आत पाहिलं असतं तर व्यवहार तिथेच संपला असता.

“दिल्लीचं गिऱ्हाईक रविवारी येतंय,” हेही झालं. मी २० हजार तिथल्या तिथे यूपीआयने दिले, ते त्या गृहस्थाने दिलेल्या एका मध्यस्थाच्या नंबरवर. बाकीचे १ लाख १५ हजार तिसऱ्या दिवशी रोख. पावती मागितली तेव्हा गृहस्थाने टाइप केलेला कागद पुढे केला : ‘सदर शोभेची वस्तू स्नेहापोटी भेट दिली आहे.’ म्हणाला, “पुरातन वस्तूला परवाना लागत नाही, पण उगाच पोलिसांची कटकट नको, म्हणून असं लिहितो.” मी सही केली.

त्या कागदामागचा कायदा मी आता नीट वाचलाय. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहे, पण ते हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. चालू शकणारी ठासणीची बंदूक दोनशे वर्षांची असली तरी परवान्याविना घरात ठेवता येत नाही. आणि शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंचा धंदा करायला १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. तो दाखवा, असं मी एकदाही म्हटलं नाही. विक्रेत्याने या कायद्यातलं अर्धं वाक्य मला सांगितलं, उरलेलं अर्धं नंतर घाबरवायला वापरलं.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री मी आजोबांचा गज काढून बंदुकीखालच्या खाचेत ठेवला. तो बसला नाही. दोन वेगळ्या बंदुका, कसा बसेल? पण मन खट्टू झालं. महिनाभराने पुण्याच्या एका काकांना बोलावलं. त्यांची हयात संग्रहालयातल्या हत्यारांची निगा राखण्यात गेली. ते दुपारभर माझ्या बैठकीत सतरंजीवर बसले होते, आणि त्या दुपारी मी जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकातून शिकलो नव्हतो.

आधी त्यांनी खिडकी उघडली, बंदुकीचं तोंड भिंतीकडे केलं आणि मुलांना आत पाठवलं. चिमट्याने बोळा काढला. मग लाकडी काठी अलगद आत सोडली, तोंडाशी खूण केली, आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहिली. काठी कान्यापर्यंत, म्हणजे बार पेटवायच्या बाजूच्या भोकापर्यंत पोचत होती, म्हणजे आत काही नव्हतं. मग बारीक दिवा आत सोडून म्हणाले, “या, बघा.” तोंडापासून बुडापर्यंत एक सरळ रेघ. कारखान्यातल्या पाइपाचा जोड. जुनी नळी लोखंडाची पट्टी तापवून, गुंडाळून, ठोकून घडवलेली असते, कधी पीळ देऊन, आणि घासून साफ केलेल्या चांगल्या नळीवर त्या पिळाचं जौहर म्हणजे लाटांसारखी नक्षी दिसते. आमच्या नळीवर दिसत होते ते आम्लाने पाडलेले खड्डे, सगळे एकाच मापाचे.

मग काना. रंजकीच्या पेल्याजवळ भोक होतं, पण त्यात टाचणी घातली तर दोन-तीन मिलिमीटरवर थांबली. काना आरपार पाडलेलाच नव्हता. काका म्हणाले, “अशा नवीन बंदुका आपल्याकडे बनतात, परदेशात जुन्या लढायांचे देखावे करणारे हौशी लोक त्या मागवतात. पाठवतानाच काना बंद ठेवतात. ही त्यातलीच. वरचं सगळं नंतर केलेलं.” वेलबुट्टीवर भिंग धरलं. खऱ्या कोफ्तगिरीत लोखंडावर आधी केसासारख्या उभ्या-आडव्या रेघा ओढतात आणि सोन्याची तार त्यात ठोकून बसवतात. झिजलेल्या जागी त्या रेघा उघड्या पडतात. इथे झिजलेल्या जागी फक्त गुळगुळीत लोखंड होतं. सोनं म्हणजे रंग. शेवटी बाजूच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढून त्यांनी अदलाबदल करून लावले. दोन्ही लोण्यासारखे आत गेले. हाताने आटे पाडलेले स्क्रू असे एकमेकांच्या जागी सहसा जात नाहीत.

लेखाकडे त्यांनी सगळ्यांत शेवटी पाहिलं. “पंचांग येतं का?” मला येतं, वडील शिकवून गेलेत. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रातला प्रभवापासूनचा क्रमांक. १६९६ अधिक १२ म्हणजे १७०८, बाकी २८, अठ्ठाविसावा जय. आनंद अठ्ठेचाळिसावा, तो शके १५९६ चा, शिवराज्याभिषेकाचा. कोरणाऱ्याने राज्याभिषेकाच्या सालातला एक आकडा बदलला आणि संवत्सर तसाच ठेवला. दर गुढीपाडव्याला मी हे गणित घरी करतो. त्या वाड्यात एकदा केलं असतं तर! आणि आग्र्याचं म्हणाल तर डी बॉयन हा युरोपीय सेनानी महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला १७८४ मध्ये, त्याच्या पलटणींच्या बंदुका तिथे बनल्या त्या त्यानंतर, आणि त्या चकमकीच्या. १७७४ सालची तोड्याची बंदूक त्या कारखान्यातली असणं शक्यच नव्हतं. हेही मला माहीत होतं.

मी त्या गृहस्थाला फोन केला. तो चिडला नाही. म्हणाला, “चालणारी हवी होती होय? काना पाडून देतो, वीस हजारात बार उडेल.” मी नाही म्हटल्यावर सूर बदलला. “मग पोलिसात जा. हत्यार तुमच्या घरात आहे, भेट म्हणून सही तुमची आहे.”

ठासणीची बंदूक स्वतः घडवण्याचं स्वप्न बघणारी तरुण मुलं मला भेटतात, त्यांनी ही काना पाडण्याची गोष्ट नीट ऐकावी. शोभेच्या बंदुकीची चालणारी बंदूक परवान्याविना करणं हा गुन्हा आहे, बनवणं तर आहेच, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. शिवाय पाणी वाहण्यासाठी केलेल्या जोडाच्या पाइपात बार भरला तर नळी फाटेल ती धरणाऱ्याच्या तोंडाशी.

त्या धमकीने मी सात आठवडे गप्प बसलो. बायकोलाही सांगितलं नाही. शेवटी वकिलांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, याच गप्प बसण्यावर त्याचा धंदा चालतो. बंद कान्याची नकली वस्तू घेऊन मी स्वतः ठाण्यात गेलो, काकांचं लेखी मत सोबत जोडलं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली. मला कोणी दरडावलं नाही. हवालदारांनी पंचनामा करून ती मुद्देमालात घेतली. रोख रकमेचा काहीच पुरावा नाही. ते २० हजारांचं यूपीआय तेवढं कामाला आलं, त्यावरून मध्यस्थापर्यंत पोचता आलं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

गेल्या आठवड्यात कराडहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. माझ्या तक्रारीबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनीही एक बंदूक घेतली होती, दुसऱ्या वाड्यातून, त्याच लाल आलवणातली. लेख आहे का विचारलं. ते एकेक अक्षर लावत वाचू लागले, “श्री... शके १७१८... आनंद नाम...” मी मनात १२ मिळवले. १७३०, बाकी ५०, नल. त्यांना म्हटलं, बोळा काढू नका, ती कुठेही दाखवू नका, सोमवारी सकाळी साताऱ्याला या. मी ठाण्यात तुमच्यासोबत येतो.