जीवनकौशल्यांची बारा सत्रे: नववीच्या वर्गशिक्षकाचा अभिप्राय

गेल्या शैक्षणिक वर्षात आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेने नववीच्या दोन तुकड्यांसाठी एका खाजगी संस्थेची जीवनकौशल्य कार्यशाळा घेतली. दर गुरुवारी एक जोडतासिका, अशी एकूण बारा सत्रे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक रंगीत कार्यपुस्तिका असे तिचे स्वरूप होते. स्व-जाणीव, समानुभूती, निर्णयक्षमता, ताणतणावांचे समायोजन अशी जी दहा कौशल्ये जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात मांडली, त्यांवरच ती आधारलेली होती.

कार्यपुस्तिका निराशाजनक आहे. तिच्यातील ‘उद्विग्न’, ‘व्यथित’, ‘चिंताग्रस्त’ हे शब्द आमच्या मुलांच्या तोंडी कधीच येत नाहीत. त्यांचे ‘डोके फिरते’, त्यांना ‘टेन्शन येते’, फार तर ‘कसंतरी होतं’. सुदैवाने मार्गदर्शक ताईंना हे चौथ्या सत्रातच उमगले. त्यांनी पुस्तिका मिटून रागासाठी मुलांचेच शब्द फळ्यावर मागवले, तेव्हा चिडचिड, रुसवा, धुसफूस, संताप अशी यादी तयार झाली आणि रुसव्यामागे राग कमी व अपेक्षा जास्त असते, हे एका मुलीने स्वतःहून सांगितले.

सर्वांत उत्तम सत्र नकार देण्याविषयीचे होते. टपरीवर मित्र गुटख्याची पुडी पुढे करतो, असा प्रसंग मुलांनी उभा केला. पहिला नकार ठरलेला होता: ‘नको रे, पप्पा मारतील.’ पप्पा गावाला गेले तर काय, असे ताईंनी विचारले आणि प्रसंग पुन्हा करायला लावला. तिसऱ्या वेळी एरवी मान वर न करणारा मुलगा ‘मला नाही खायचा’ एवढेच बोलून थांबला. या सत्राचे सादरीकरण नंतर शिक्षकांपुढे झाले, म्हणूनच मला ते पाहता आले.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. मुले मोकळेपणाने बोलावीत म्हणून शिक्षकांनी बाहेर थांबावे, अशी संस्थेची अट होती. त्यामागचे कारण मला पटते, परंतु वर्गातील भांडण सोमवारी होते आणि ताई गुरुवारी येतात. मधल्या दिवसांत मुलांसमोर असणाऱ्या शिक्षकाला सत्रात वापरलेली भाषाच ठाऊक नसेल, तर शिकलेले टिकणार कसे? अशा २१३ कार्यक्रमांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. शाळेतील शिक्षकच हे कार्यक्रम परिणामकारकपणे घेऊ शकतात आणि अभ्यासातील प्रगतीही शाळेच्या माणसांनी घेतलेल्या कार्यक्रमांतच दिसली, असे त्यात आढळले होते. त्यातील बरेचसे कार्यक्रम लहान मुलांसाठी होते हे खरे, तरीही बाहेरच्या संस्थेकडे सारे सोपवण्याआधी विचार करण्याजोगी ही गोष्ट आहे. शिवाय एखाद्या मुलाने गंभीर बाब सांगितलीच, तर पुढे काय करायचे याची लेखी सूचना आम्हाला मिळाली नाही. पुस्तिकेत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही नव्हता.

आयुष्मान भारतअंतर्गत फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. भावनिक स्वास्थ्य आणि परस्परसंबंध हे त्याच्या ११ विषयांपैकी दोन आहेत. त्यामुळे संस्थेची भरघोस फी भरण्यापूर्वी शाळांनी या प्रशिक्षणाची चौकशी करावी. संस्थेला बोलवायचेच असेल, तर निदान चार सत्रांत वर्गशिक्षक आत बसतील, हे करारात लिहून घ्यावे आणि पुस्तिकेचे पैसे वाचवावेत.