लोअर परळ ते चेंबूर, रात्री साडेबारा: ॲपची गाडी आणि काळीपिवळी, दहा महिन्यांच्या वापरानंतर

मी एका वृत्तवाहिनीच्या नाइट डेस्कवर आहे. शिफ्ट बाराला संपते, आवरून खाली उतरेपर्यंत साडेबारा. पूर्वी ऑफिसची गाडी घरी सोडायची. मग एक दिवस मेल आला की ड्रॉप बंद, ज्याने त्याने आपापलं जावं आणि महिनाअखेरीला बिल लावावं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. आमच्या एचआरच्या मते बिल म्हणजेच सोय. तो वाद अजून चालू आहे, पण तोवर घरी तर यायला हवं ना.

त्यामुळे दहा महिने, आठवड्याला पाच रात्री, मी भाड्याच्या गाडीने घरी येतेय. ढोबळमानाने तीनातल्या दोन फेऱ्या ॲपच्या, एक काळीपिवळीची, म्हणजे मुंबईच्या मीटरवाल्या टॅक्सीची. ॲपं तीन वापरली. नावं घेत नाही, कारण तिन्हींच्या गाड्या आणि चालक बरेचदा तेच असतात. ऑफिसातल्या नव्या मुली सारख्या विचारतात की रात्री कशाने जाऊ, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला माझं मत पक्कं होतं: ॲपची गाडी सुरक्षित. चालकाचं नाव, फोटो, गाडीचा नंबर आधी कळतो. ओटीपी दिल्याशिवाय फेरी सुरू होत नाही. माझा मोबाइल नंबर त्याला दिसत नाही. घरी लिंक पाठवली की सासूबाई अंथरुणात पडल्या पडल्या माझा ठिपका बघत बसतात. (एकदा जीपीएसने ठिपका थेट माहूलच्या खाडीत नेऊन ठेवला आणि त्यांचा फोन आला, तेव्हा मी सायनच्या सिग्नलला शेंगदाणे खात होते.) यातली बरीच सोय आपल्याकडे आली ती डिसेंबर २०१४ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर. ॲपवरून बोलावलेल्या गाडीच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला होता. त्याच्यावर आधीही गुन्हे दाखल होते, तरी तो गाडी चालवत होता. पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली, आणि ॲपमध्ये एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं, बटण आलं. त्या प्रकरणातला एक तपशील मात्र मला उशिरा कळला. गाडीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा गाडीत नव्हतीच, चालकाच्या फोनमध्ये होती. फोन बंद की गाडी गायब. ॲप मागावर असतं ते फोनच्या, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

नोंद ठेवणं हे ॲपचं मोठं बळ आहे, ते मी नाकारत नाही. पण नोंद आहे म्हणजे गाडीत तोच माणूस आहे, असं नाही. ऑगस्टमध्ये एका पावसाळी रात्री गाडी आली, नंबर जुळला, काच खाली झाली तर आत विशीतला पोरगा. फोटोतला माणूस किमान पंचेचाळीसचा, मिशीवाला.

"ये आप हो?"

"भाई का अकाउंट है मॅडम, बैठो ना, ओटीपी बोलो."

तो काही वाईट मुलगा असेल असं नाही. पण त्याचं लायसन आहे का, टॅक्सी चालवायचा बॅज आहे का, यातलं मला काय ठाऊक? मी बसले नाही. फेरी रद्द केली, चार्ज लागला. ॲपवर तक्रार केली, तर "तुमची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे" असं सुरू होणारं उत्तर आलं आणि चार्ज परत मिळाला. त्या अकाउंटचं काय झालं ते कळवत नाहीत. दहा महिन्यांत असं तीनदा झालं. पहिल्यांदा, मान्य करते, मी भिजत होते म्हणून बसले होते.

आता काळीपिवळी. लोअर परळ स्टेशनबाहेर त्या वेळी चार-पाच गाड्या असतात. पद्मिनी, म्हणजे त्या जुन्या ठरलेल्या टॅक्सी, अर्थात नाहीत, शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षं भरून रस्त्यावरून उतरली. आता सँट्रो, वॅगनआर, ईको. पहिल्या आठवड्यात तिथे माझा अनुभव एकच: "चेंबूर? नहीं जायेगा." पलीकडून रिकामं यावं लागतं, हे त्यांचं कारण. भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. पण पाऊण वाजता फुटपाथवर उभं राहून कोणाला कायदा शिकवणार! सुरक्षिततेच्या गप्पांत लोक गाडीत बसल्यानंतरचं बोलतात. मला सगळ्यात जास्त भीती वाटली आहे ती गाडी मिळेपर्यंतच्या दहा मिनिटांत, आणि या बाबतीत काळीपिवळीवाल्यांनी मला ॲपपेक्षा जास्त ताटकळत ठेवलंय. ॲपवालेही "ड्रॉप किधर है" विचारून रद्द करतात, पण तेव्हा मी ऑफिसच्या लॉबीत, वॉचमनजवळ असते.

महिन्याभरात स्टँडवरच्या लोकांना माझा चेहरा ओळखीचा झाला आणि चित्र पालटलं. "चेंबूरवाली मॅडम" आली की आपसात ठरायचं कोण जाणार. त्यातले दोघे नाइटवाले. दिवसा त्याच गाडीवर दुसरा माणूस असतो, हे रात्री आठला गाडी ताब्यात घेतात, म्हणजे दिवसभर झोपलेले असतात. याचं महत्त्व तेव्हा लक्षात आलं नव्हतं. एक जौनपूरचे चाचा आहेत, साठीचे असावेत. ते बिल्डिंगचं लोखंडी गेट लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय गाडी वळवत नाहीत. कुठल्याही ॲपमध्ये फेरी संपते ती चालकाने फोनवर बोट फिरवलं की. माझी तेव्हा अजून पर्समध्ये चावी शोधणं चालू असतं. पण हेही खरं की चाचांची ही माया कुठे नोंदलेली नाही. ते गावी गेले की त्यांच्या जागी येणारा माझ्यासाठी पूर्ण अनोळखी, आणि त्याचं नाव-गाव विचारायला ॲपसारखी जागा नाही. मी गाडीच्या पाटीचा फोटो काढून घरी पाठवते. सीटच्या मागे चालकाचं नाव-फोटोचं कार्ड असेल तर त्याचाही. कोणी हरकत घेतली नाही. एकाने उलट कार्डावरची धूळ पुसून दिली.

रस्त्याबद्दलही लिहायला हवं. ॲपचा नकाशा रात्री मला बरेचदा वडाळ्याहून आणिक भागातून काढतो, कारण दोन-तीन मिनिटं वाचतात. ट्रक टर्मिनस, मग मिठागरांकडचा तो पट्टा, पुढे बोगदा. भक्ती पार्कचे टॉवर मागे पडले की माणूस दिसत नाही. काळीपिवळीवाले न विचारता आंबेडकर रोडने, लालबाग, दादर टीटी, किंग्ज सर्कल, सायन असे नेतात. दुकानं बंद असली तरी पानवाला, सायकलवर चहा विकणारा, हॉस्पिटलबाहेर झोपलेले नातेवाईक, कोणी ना कोणी असतं. मी आता ॲपच्या चालकालाही बसल्या बसल्याच सांगते, "दादा, सायनवरून घ्या." बहुतेक घेतात. काहींना भीती असते की नकाशा सोडला तर ॲप आपल्यालाच जाब विचारेल.

आणि आता फेब्रुवारीतली ती रात्र.

ॲपची गाडी, पिवळी पाटी, फोटो जुळला, ओटीपी दिला, रेटिंग ४.८. चालक सातारकडचा, तिशीतला, बोलायला गोड. एसी चालू असून त्याने आपली काच अर्धी खाली केली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग त्याने मान चोळली. मग गाण्याचा आवाज वाढवला. माटुंग्याच्या पुढे उजवीकडून टक-टक-टक-टक असा आवाज यायला लागला. दुभाजकालगत रस्त्यात ठोकलेल्या चमकत्या खुंट्यांवरून चाक चाललं होतं. आरशात पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले. मी "दादा!" म्हणून किंचाळले. गाडी एकदम डावीकडे आली, मागून येणाऱ्या टेंपोने हॉर्न मारत कशीबशी बाजू काढली.

सायन हॉस्पिटलपाशी मी त्याला थांबायला लावलं. सायकलवाल्याकडून दोन चहा घेतले. "सकाळी सातला काढलीय गाडी, ताई," तो म्हणाला. हप्ता आहे, आणि अजून दोन फेऱ्या झाल्या असत्या तर इन्सेंटिव्ह मिळाला असता. मी विचारलं, बारा तासांनंतर ॲप बंद होत नाही का? केंद्राच्या २०२० च्या सूचनांत चालकाला दिवसाचे बारा तासच धरले होते, हे मी बातमीत कधीतरी लिहिलं होतं. तो हसला. "एक बंद होतंय, मग दुसरं उघडायचं."

दहा महिने मी त्या माणसांचे हेतू तपासत होते. फोटो जुळतो का, आरशातून बघतो का, नको ते विचारतो का. आणि माझा जीव गेला असता तो एका सज्जन माणसाच्या डुलकीने. एसओएसचं बटण तेव्हा काय कामाचं होतं?

घरी पोचल्यावर ॲपने विचारलं, फेरी कशी झाली. तक्रार केली तर त्याचा आयडी बंद होईल आणि हप्ता थकेल. मी पाच तारे दिले. बरोबर केलं का, ते मला अजूनही ठरवता येत नाही, कारण पुढच्या बाईला दिसणाऱ्या ४.८ मध्ये माझेही पाच आहेत.

त्यानंतर माझं सगळं लक्ष सीटबेल्टकडे गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय बसले होते. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा केला. नियम झाला, पण टॅक्सीत बेल्ट लावायचा कुठे? पट्टा लोंबत असतो, खाली त्याचं बकल सीट-कव्हरच्या आत गाडलेलं. ॲपच्या डिझायरमध्ये तीच कथा, काळीपिवळीत त्याहून वाईट. एका चालकाने माझ्या आग्रहाखातर सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. आधी एक रुपयाचं नाणं निघालं, मग शेंगदाण्याची टरफलं, मग कोणाची तरी केसांची क्लिप, आणि शेवटी बकल. ते चिकट झालं होतं, पण खट्कन बसलं. तो म्हणाला, "चार साल में पहली बार किसीने माँगा." चाचांच्या गाडीत तर मागे पट्टाच नाही. मायाळू चाचा आणि बिनपट्ट्याची गाडी, असा तो सौदा आहे. मात्र ते चाळीसच्या पुढे जात नाहीत.

गाडीतल्या लाल पॅनिक बटणाचंही सांगून टाकते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या टॅक्सींना गाडीतच लोकेशनचं यंत्र आणि हे बटण बंधनकारक आहे, म्हणजे दिल्लीच्या वेळी जे नव्हतं ते. मी सहा-सात चालकांना विचारलं, दाबलं तर काय होतं? एक म्हणाला, पोलीस येतात. दोघे म्हणाले, माहीत नाही. एकजण म्हणाला, "पासिंगच्या वेळी दाखवायला असतंय." दाबून बघायचा धीर मला झाला नाही, उगाच यंत्रणेला पळवायचं कशाला. माझा भरवसा फोनवरच्या ११२ वर आणि मुंबईपुरता १०३ या महिला हेल्पलाइनवर.

पैशाचं थोडक्यात. काळीपिवळीचं मीटर फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपयांनी सुरू होतं, मध्यरात्रीनंतर पाचपर्यंत सव्वापट. मला तीनशेच्या आसपास पडतात, रोज तेवढेच. ॲपचे कधी अडीचशे, पावसात सहाशे. ऑफिसला पावती हवी असते, ती ॲपची आपोआप मिळते. काळीपिवळीसाठी व्हाउचर लिहून सही घ्यावी लागते, आणि अकाउंट्सवाला दर वेळी ते माझंच अक्षर असल्यासारखं निरखून बघतो.

स्टेशनबाहेर "मॅडम, चेंबूर, शेअरिंग" म्हणत उभ्या असलेल्या पांढऱ्या पाटीच्या गाड्यांत मी एकदाही बसले नाही, आणि तुम्हीही बसू नका. चालकाच्या बॅजचा पत्ता नाही, फेरीची नोंद नाही, आणि खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने माणसं नेणं बसत नाही. काही झालं तर कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवणार.

सध्याचा माझा रिवाज असा. चाचा किंवा त्यांचा जोडीदार स्टँडवर असेल तर काळीपिवळी. नसतील तर लॉबीतूनच ॲप. गाडी आली की पाटी आणि चेहरा बघायचा, डावीकडे मागे बसायचं म्हणजे आरशात त्याचे डोळे दिसतात. चाइल्ड लॉक नाही ना, म्हणून दार एकदा आतून उघडून बघायचं. बकल शोधायचं. आणि गाडी सुटायच्या आधी विचारायचं, "दादा, आज किती वाजता काढली गाडी?" प्रश्न गप्पांसारखा वाटतो, त्यामुळे कोणी खोटं बोलत नाही. परवा एकाने "सुबह छे बजे" म्हटलं, तशी मी उतरले. चार्ज पडला पन्नास रुपये, पुढची गाडी यायला अकरा मिनिटं लागली, आणि तिच्या सीटखालचं बकल काही केल्या सापडलं नाही.