आयपॉड क्लासिक १६० जीबी (२००९): आज घेताना काय तपासायचं, आत काय बदलायचं

आयपॉड क्लासिक हा अ‍ॅपलचा खिशात मावणारा म्युझिक प्लेअर. या एकाच नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली गेली: २००७चे ८० आणि १६० जीबी, २००८चा १२० जीबी आणि २००९च्या सप्टेंबरमध्ये आलेला पातळ १६० जीबी. शेवटचा २०१४ पर्यंत चालू होता. चौघांच्याही पाठीवर ए१२३८ हाच क्रमांक असतो, त्यामुळे तो बघून काही कळत नाही. सेटिंग्जमधलं 'अबाउट' उघडायचं आणि मधलं बटण दाबत पुढची पानं बघायची. मॉडेल एमसी२९३ (चंदेरी) किंवा एमसी२९७ (काळा) असेल तर तो २००९चा. वापरलेला क्लासिक घ्यायचाच असेल तर हाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आधीच्या मॉडेलांत हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवलं, तर मूळ फर्मवेअरला (यंत्रातल्या अंगभूत सॉफ्टवेअरला) १२८ जीबीपुढची जागा ओळखताच येत नाही. २००९च्या मॉडेलला ही अडचण नाही.

वरवरच्या ओरखड्यांकडे फार लक्ष देऊ नका. मागची स्टीलची पाठ नुसत्या खिशात ठेवूनही ओरखडते. बघायची ती पुढची पट्टी आणि पाठ यांमधली फट. एका बाजूला ती रुंद झाली असेल किंवा पाठ फुगीर लागत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. असं यंत्र चार्जिंगला लावूच नये. मग हेडफोन लावून गाणं चालू असताना पिन हलकेच फिरवायची. एका कानाचा आवाज जाऊन-येऊन असेल तर जॅक झिजलाय. वरची 'होल्ड'ची पट्टी आणि हेडफोनचा जॅक एकाच लवचीक केबलवर असतात, म्हणून होल्ड सरकवूनही कुलपाचं चिन्ह जात नसेल तर दोष बहुतेक त्याच केबलमध्ये असतो. हा भाग मिळतो आणि बदलताही येतो, पण किंमत ठरवताना तो धरायला हवा.

डिस्कची खरी तब्येत यंत्र स्वतःच सांगतं. मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरायचं. पडदा काळा होऊन सफरचंद उमटलं की लगेच मधलं आणि डावीकडचं 'मागे' बटण धरायचं. तपासणीचा मेन्यू उघडतो. त्यात मॅन्युअल टेस्ट, मग आयओ, हार्डड्राइव्ह, आणि शेवटी एचडीस्मार्टडेटा. 'रिअ‍ॅलॉक्स' म्हणजे खराब झाल्यामुळे बाजूला टाकलेले भाग, आणि 'पेंडिंग सेक्टर्स' म्हणजे नीट वाचता न आल्याने संशयाखाली असलेले. दोन्ही शून्याजवळ असतील तर डिस्क अजून चालेल. पेंडिंगचा आकडा मोठा असेल तर गाणी मध्येच उडी मारतील आणि सिंक (संगणकावरून गाणी भरणं) अर्ध्यात अडकेल. कार्ड बसवायचंच ठरलं असेल तर मात्र मेलेल्या डिस्कचा आयपॉड घ्यायला काहीच हरकत नाही, उलट तो स्वस्तात पडतो.

आता उघडण्याबद्दल, कारण जास्तीत जास्त क्लासिक तिथेच खराब होतात. पुढची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, पाठ स्टीलची, आणि दोन्ही धातूच्या खाचांनी एकमेकींत घट्ट बसलेल्या. प्लॅस्टिकचं साधन एकट्याने पुरत नाही, पातळ धातूची पाती लागतेच, आणि ती जोरात वळवली की पाठीची कड वाकते. वाकलेली कड पुन्हा तंतोतंत बसत नाही. बाजूने सुरुवात करावी, एक खाच सुटली की तिथे प्लॅस्टिकची पट्टी अडकवून ठेवावी आणि मग पुढच्या खाचेकडे जावं. सगळ्या सुटल्या तरी दोन्ही भाग झटक्याने वेगळे करायचे नाहीत. बॅटरी पाठीला चिकटवलेली असते आणि तिची पट्टी मदरबोर्डात गेलेली असते. फट थोडीच ठेवून त्या पट्टीवरची छोटी खिटी नखाने उचलायची, मग पट्टी सरळ बाहेर येते. ही खिटी तुटली तर बोर्डावरचा कनेक्टर डागून बदलण्यावाचून इलाज उरत नाही. हेडफोनच्या केबलची तशीच खिटी डिस्कच्या खाली असते, आणि डिस्कची रुंद पट्टी काळ्या खिटीने धरलेली असते.

डिस्कच्या जागी मेमरी कार्ड जोडणारं आयफ्लॅशचं अ‍ॅडॅप्टर बसतं. एका एसडी कार्डाचं 'सोलो', मायक्रोएसडीच्या चार खाचांचं 'क्वाड'. चारांतलं एक कार्ड गेलं की सगळा साठा जातो, म्हणून एकच मोठं कार्ड मला जास्त पटतं. कार्ड बसवण्याआधी संगणकावर ते पूर्ण भरून आणि परत वाचून तपासावं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि इतरत्र एफ३ हे प्रोग्रॅम हेच काम नेमकं करतात. वर २५६ जीबी छापलेलं आणि आत ३२ जीबीच असलेलं नकली कार्ड सुरुवातीला छान चालतं. खरी जागा भरली की मात्र नंतरची गाणी बिघडतात आणि दोष अ‍ॅडॅप्टरवर ढकलला जातो.

कार्ड बसवून संगणकाला जोडल्यावर अ‍ॅपलचं आयट्यून्स सॉफ्टवेअर (नव्या मॅकवर फाइंडर) 'रिस्टोअर' मागतं, म्हणजे सगळं पुसून फर्मवेअर नव्याने टाकायला सांगतं. ते वारंवार अर्ध्यात थांबत असेल तर आधी डिस्कची पट्टी काढून पुन्हा सरळ बसवा, मग केबल आणि यूएसबी पोर्ट बदला. पट्टी केसभर तिरकी बसली तरी असं होतं. पाठ बंद करायची ती सगळं चालतंय याची खात्री झाल्यावरच.

बॅटरीही त्याच वेळी बदलावी. नव्या यंत्राला ३६ तासांचा दावा होता. मूळ फर्मवेअर गाणी ६४ एमबीच्या मेमरीत ओढून डिस्क थांबवतं, त्यामुळे एमपी३ ऐकताना डिस्क क्वचित फिरते. लॉसलेस (आवाजातलं काहीच न गाळता साठवलेल्या) फाइल मोठ्या असल्याने ती सारखी जागी होते आणि चार्ज लवकर उतरतो. कार्डाला फिरायचंच नसतं, म्हणून तिथे हा फरक पुष्कळ कमी होतो. डिस्कपेक्षा कार्ड पातळ असल्याने जरा मोठी बॅटरी मावते, पण कोंबून बसवू नये: दाबलेली बॅटरी पडद्याच्या मागून जोर लावते.

गाणी भरण्याची पद्धत नव्या माणसाला गोंधळात टाकते. फाइल ओढून टाकल्या तर जागा जाते, पण मेन्यूत काहीच दिसत नाही. आयट्यून्स प्रत्येक गाण्याला चार अक्षरांचं नाव देऊन आयपॉड_कंट्रोल या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि यादी वेगळ्या डेटाबेसमध्ये लिहितं. मेन्यू फक्त तो डेटाबेस वाचतो. म्हणून टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली गाणं-गायक-अल्बमची माहिती, नीट हवेत. निरनिराळे गायक असलेल्या अल्बमला 'अल्बम आर्टिस्ट' भरला नाही तर अल्बमचे तुकडे होतात. फ्लॅक या लॉसलेस प्रकारच्या फाइल चालत नाहीत. ते अ‍ॅपल लॉसलेसमध्ये बदलावं, त्यात आवाजाचं काहीच नुकसान नाही. मात्र ४८ किलोहर्ट्झच्या वरच्या सॅम्पल रेटच्या फाइल आधी खाली आणाव्या लागतात.

फ्लॅकचाच साठा असेल तर रॉकबॉक्स हे दुसरं, मोफत फर्मवेअर टाकावं. ते मूळ फर्मवेअरच्या जोडीने राहतं, साधी फोल्डरं वाचतं, फ्लॅक आणि ओपस वाजवतं. त्यासाठी आयपॉड विंडोजवर रिस्टोअर केलेला, म्हणजे एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट झालेला असावा लागतो. मॅकवर केलेला चालत नाही. त्याचा इक्वलायझर मूळपेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण त्यात 'प्रीकट' (एकूण आवाज आधीच थोडा खाली आणण्याची सोय) आहे: बास ६ डेसिबलने वाढवला तर प्रीकटही तेवढाच ठेवायचा, म्हणजे आवाज फाटत नाही. दिसायला मात्र मूळ मेन्यू अधिक सुबक, आणि चाकावर बोट फिरवून हजारो नावांतून जाण्याचा वेग तिथेच खरा जाणवतो.

आवाज स्वच्छ आहे, रंगवलेला नाही. साधे हेडफोन आणि इअरफोन तो आरामात चालवतो. ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनला दम कमी पडतो, तेव्हा खालच्या ३० पिनी पोर्टातून लाइन-आउट (हेडफोनच्या जॅकला वळसा घालून थेट निघणारा आवाजाचा सिग्नल) घेऊन वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावावा.

ब्लूटूथ नाही, वायफाय नाही, स्ट्रीमिंग नाही. ज्यांची गाणी भाड्याच्या अ‍ॅपमध्येच आहेत त्यांनी हा घेऊ नये. बिनतारी हेडफोनसाठी ३.५ मिमीच्या जॅकला ट्रान्समीटर लावता येतो, पण त्याची वेगळी बॅटरी सांभाळावी लागते आणि आयपॉडचा आवाज साधारण तीन चतुर्थांशावर ठेवून पुढचं नियंत्रण हेडफोनवरूनच करावं लागतं.