इगतपुरीच्या धम्मगिरीतील विपश्यना शिबिर

स्वतःचा स्वभाव समजून घेण्याचे काम नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात उपदेशापेक्षा प्रत्यक्ष सरावावर सोपवलेले आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते. विपश्यना ध्यानाचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील या १० दिवसांच्या शिबिरात पहाटे ४ वाजता घंटा होते, फोन व वाचन-लेखनाचे साहित्य जमा करावे लागते आणि आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणे व खाणाखुणाही टाळणे, पाळावे लागते. पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष द्यायचे असते. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातील संवेदना प्रतिक्रिया न देता पाहण्याची साधना, शिकवली जाते आणि पुढे तासभर हात, पाय न हलवता बसण्याचा निश्चय करावा लागतो. गुडघ्यात कळ उठताच मन तिच्यापासून पळण्यासाठी किती बहाणे रचते, कोणता जुना राग उकरून काढते आणि त्या रागाबरोबर श्वास कसा बदलतो, हे येथे इतके स्पष्ट दिसते की, नंतर घरातल्या वादात आपला आवाज चढण्यापूर्वीच थांबणे शक्य होऊ लागते. शिबिराची खरी कमाई हीच.

जेवण साधे व शाकाहारी असते. शुल्क नाही, दानही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारतात. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि अर्जात आजार अवश्य नमूद करावा, कारण शिबिर हा उपचारांचा पर्याय नव्हे. नवख्यांनी मांडी घालून बसण्याची सवय घरूनच करून जावी.