लालबागची मसाला गल्ली: वर्षाचा मसाला डंकावर कुटून घ्यायचा असेल तर

मार्च ते मेअखेर लालबाग मार्केटजवळच्या या गल्लीत शिरताना रुमाल नाकाला लावावाच लागतो. मिरची, खडा मसाला, देठ काढून देणाऱ्या बायका, भाजणारे आणि डंक, म्हणजे मसाला कुटायची यंत्रं, हे सगळं इथे काही पावलांच्या अंतरात आहे. करी रोड किंवा चिंचपोकळी स्टेशनवरून चालत येता येतं. गाडी आणू नये, उभी करायला जागा मिळत नाही. मुंबईत मसाला कुटून मिळण्याची ठिकाणं इतरही आहेत, पण मालवणी, आगरी-कोळी, घाटी आणि ईस्ट इंडियन (मुंबईतला जुना ख्रिस्ती समाज) अशा चारही घरांचा मसाला ज्यांच्या हाताखालून जातो असे कारागीर इथे एकाच गल्लीत भेटतात. एक अट मात्र आहे. माल टाकून निघून जाणाऱ्यांसाठी ही गल्ली नाही, शेवटपर्यंत उभं राहायची तयारी हवी.

सुरुवात मिरचीपासून. रंगाला ब्याडगी आणि काश्मिरी, तिखटाला संकेश्वरी किंवा पांडी. रोजच्या जेवणाच्या मालवणी मसाल्याला किलोभर मिरचीत अर्धा किलो ब्याडगी, पाव किलो काश्मिरी आणि पाव किलो संकेश्वरी हे प्रमाण बसतं. तिखट खाणाऱ्या घरात काश्मिरी कमी करून संकेश्वरी वाढवावी, ब्याडगीला हात लावू नये, नाहीतर रश्श्याला रंग येत नाही. चांगली ब्याडगी सुरकुतलेली आणि गडद लाल असते. पांढरट पिवळे डाग पडलेली फटकी मिरची स्वस्त मिळते, पण तिने मसाल्याचा रंग उतरतो. पोत्यात वरचीच मिरची बघून भागत नाही. हात खोल घालून चार-पाच मिरच्या काढायच्या आणि मोडून बघायच्या. आत काळपट बुरशी किंवा काळं बी दिसलं तर ते पोतं सोडून द्यावं. इथले बहुतेक दुकानदार मोडून बघू देतात. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

किलोभर मिरचीला धणे पाव किलो, जिरे, बडीशेप, खसखस आणि हळकुंड प्रत्येकी ५० ग्रॅम, काळी मिरी, लवंग, दालचिनी आणि दगडफूल प्रत्येकी २५ ग्रॅम, चक्रीफूल, शहाजिरे आणि मसाला वेलची प्रत्येकी १५ ते २० ग्रॅम, जायपत्री, नागकेशर, त्रिफळ, तमालपत्र आणि खडा हिंग प्रत्येकी १० ग्रॅम, जायफळ एक. लवंग पाण्यात टाकून बघावी: चांगली बुडते किंवा उभी राहते, तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. दगडफुलात साली आणि माती फार असते, ते घरीच निवडून न्यावं. तयार बांधलेलं 'मालवणी पॅकेट' घेण्यात वेळ वाचतो, पण त्यात धण्यांचा भरणा जास्त आणि वेलची-जायपत्री नावापुरती असते. सुटं तोलून घेतलेलं बरं.

आता खरा मुद्दा, ऊन आणि भाजणी. मसाला बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि दोष मात्र डंकाला जातो. मिरची घरी नेऊन तिला दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावं, हातात घेऊन हलवली की बी खुळखुळलं पाहिजे. दमट मिरची डंकात कुटली जात नाही, नुसती चेपते आणि तिचे गोळे होतात. तोच मसाला ऑगस्टपर्यंत बुरशी धरतो. गच्ची नसलेल्यांनी मिरची गल्लीतच मंद आचेवर भाजून घ्यावी. भाजणाऱ्याला 'सावकाश' असं स्पष्ट सांगावं लागतं. गर्दीच्या दिवशी आच मोठी ठेवली जाते, मिरची बाहेरून काळी पडते, आतून ओलीच राहते, आणि मसाला कडवट होतो. हळकुंड आणि हिंग तेलात तळायचे, खसखस कोरडी आणि शेवटी. सगळं एका कढईत एकदम टाकणाऱ्याकडे काम देऊ नये: खसखस जळेपर्यंत धणे कच्चेच असतात.

डंकावर लोखंडी मुसळं ओळीने उखळांत पडत असतात. चक्कीत पाती किंवा दगड वेगाने फिरून मसाला तापतो आणि वास उडतो. डंकात तो कमी तापतो, म्हणून वेळ जास्त लागूनही लोक इथे येतात. कुटायला देताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. देठ काढल्यावर आणि भाजल्यावर वजन घटतं, तेव्हा मजुरीचा तोल डंकात घालायच्या आधी समोर करून घ्यावा. उखळ पुसून घेतल्याशिवाय आपला माल पडू देऊ नये. आधीच्याचा कांदा-लसूण मसाला असेल तर त्याचं तेल तळाला राहतं आणि आपल्या साध्या तिखटाला वास येतो. तिसरं, हळकुंड आधी वेगळं कुटून घ्यावं, ते कठीण असतं, मिरचीबरोबर टाकलं तर खडे राहतात. चाळल्यावर उरलेला चोथा पुन्हा डंकात जायला हवा. घाईत तो बाजूला ठेवतात आणि त्यातच धण्या-दगडफुलाचा अंश राहतो. तो पुन्हा कुटून द्यायला सांगावं.

कारागिरांच्या हाताला पूर्ण गुण. कोणत्या मसाल्याला जाडसर आणि कोणत्याला बारीक कूट हवं हे त्यांना सांगावं लागत नाही. ईस्ट इंडियन बाटली मसाल्यात गहू आणि हरभरे भाजून पडतात, तेही त्यांना ठाऊक असतं. गैरसोय जागेची. बसायला ओटा नाही, ठसका सतत, आणि एप्रिल-मेच्या रविवारी रांगेतच दुपार जाते. मधल्या वारी सकाळी दुकानं उघडताच गेलं तर काम निवांत होतं. दम्याच्या माणसाला सोबत नेऊ नये.

या बाजाराला जुनी मुळं आहेत. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला तेव्हा कोळी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी गणपतीला नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये लालबागचा राजा बसला. गिरण्या गेल्या, टॉवर आले, तरी मे महिन्यात पिशव्या घेऊन येणारी माणसं आजही आजूबाजूच्या चाळींतली आणि कल्याण-विरारला राहायला गेलेली अशी दोन्ही असतात.

मसाला गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, तो घरी पोचताच उघडावा. परातीत रात्रभर पसरून गार होऊ द्यावा, नाहीतर आत घाम सुटून गुठळ्या होतात. मग कोरड्या बरणीत दाबून भरायचा, मध्ये खड्या हिंगाचे दोन-तीन तुकडे, आणि रोजच्या वापराचा वेगळ्या छोट्या डब्यात. पाऊस सुरू झाल्यावर गल्ली चालूच असते, पण तेव्हा वर्षाचा मसाला करू नये. गरजेपुरता अर्धा किलो करून दिवाळीनंतरच्या उन्हाची वाट बघावी.