जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल, एडिसन: निकालात शाळेचा वाटा किती?

न्यू जर्सीत नोकरी लागली आणि घर शोधायला सुरुवात केली की ‘जेपी’ हे नाव पहिल्याच आठवड्यात कानावर येतं. ग्रोव्ह ॲव्हेन्यूवरची ही सरकारी शाळा १९६४ साली सुरू झाली. नववी ते बारावीचे वर्ग आणि अडीच हजारांच्या आसपास विद्यार्थी. मत आधीच सांगून टाकतो. शाळा चांगली आहे आणि अभ्यासाची ओढ असलेल्या मुलाला तिथे काही कमी पडत नाही. पण तिच्या निकालाचा मोठा भाग मूल नववीच्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच ठरलेला असतो. या निकालाकडे बघून घराला जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर एवढं लक्षात ठेवून मोजावेत.

असं का म्हणतो, ते वस्तीकडे पाहिलं की कळतं. २०१० च्या जनगणनेत एडिसनची लोकसंख्या ९९,९६७ होती आणि त्यात २८.३ टक्के लोक भारतीय वंशाचे होते. २०२० मध्ये ती १,०७,५८८ वर गेली. गावात सर्वसाधारण सरकारी हायस्कूलं दोनच: उत्तरेला जेपी, दक्षिणेला एडिसन हायस्कूल. जेपीत साधारण चारातले तीन विद्यार्थी आशियाई वंशाचे, आणि त्यात भारतीय घरांतली मुलं खूप. आईवडील पदवीधर, कित्येक जण आयटी किंवा औषध कंपन्यांत. घरात शिकवण्या चालू, गणित वर्गाच्या पुढे. अशा घरातली मुलं एकत्र आली की कोणत्याही शाळेची सरासरी उंच दिसेल. शिक्षकांचं काम यात कमी लेखायचं नाही. फक्त सरासरीवरून त्या कामाचं माप निघत नाही.

राज्याचा शिक्षण विभाग दर वर्षी प्रत्येक शाळेचा कामगिरी अहवाल ऑनलाइन प्रसिद्ध करतो. फुकट आहे, तपशीलवार आहे, आणि खाजगी संकेतस्थळांच्या दहापैकी गुणांपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. मात्र तो वाचताना काही ठिकाणी हमखास फसगत होते.

पहिली गोष्ट प्रगतीच्या आकड्याची. विद्यार्थी वर्षभरात किती पुढे गेला हे मोजणारा निर्देशांक न्यू जर्सीत भाषेसाठी चौथी ते आठवी आणि गणितासाठी चौथी ते सातवी एवढ्याच इयत्तांना काढतात. हायस्कूलला तो नाहीच. म्हणजे शाळेने मुलात काय भर घातली, हा पालकांचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर या अहवालात हायस्कूलपुरतं मिळत नाही.

दुसरी फसगत अल्जिब्रा वनची, म्हणजे बीजगणिताच्या पहिल्या अभ्यासक्रमाची. राज्याच्या चाचणीत ६५० ते ८५० गुणांची पट्टी असते आणि ७५० ला अपेक्षित पातळी गाठली असं मानतात. हायस्कूलमध्ये गणिताची चाचणी इयत्तेवर नाही, तर मूल कोणता विषय घेतंय त्यावर ठरते. हुशार मुलं अल्जिब्रा वन माध्यमिक शाळेतच उरकून येतात. मग हायस्कूलच्या रकान्यात उरतात ती उशिरा तो विषय घेणारी मुलं, आणि नामवंत शाळेचाही आकडा तिथे पडलेला दिसतो. त्यावरून घाबरू नका, आणि वरच्या विषयांच्या आकड्यावरून भाळूही नका.

मग बघायचं काय? एकूण सरासरी बाजूला ठेवून गटवार तक्ता उघडा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांची ओळ जेपीच्या अहवालात शोधा आणि तीच ओळ एडिसन हायस्कूलच्या अहवालात वाचा. सारख्या परिस्थितीतली मुलं दोन्हीकडे कशी शिकतात याची ही त्यातल्या त्यात प्रामाणिक तुलना. गटात दहापेक्षा कमी मुलं असतील तर आकड्याऐवजी चिन्ह दिसतं. त्याचा अर्थ शून्य नव्हे. एपीच्या (हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या) पानावर किती मुलं परीक्षेला बसली आणि किती जणांनी पाचपैकी तीन किंवा अधिक मिळवले, हे दोन्ही बघा. एकटा आकडा दिशाभूल करतो. आणि समुपदेशकामागे विद्यार्थी किती, हे चुकवू नका. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना २५० ची शिफारस करते. एवढ्या मोठ्या शाळेत विषय बदलणं, शिफारसपत्र, कॉलेजचे अर्ज सगळं त्याच एका माणसाकडून होतं. जो विद्यार्थी स्वतः जाऊन भेट ठरवत नाही तो गर्दीत मागे राहतो. लाजऱ्या मुलाच्या बाबतीत हा मुद्दा आम्ही सरासरी गुणांहून वरचा मानतो.

गैरहजेरीचा रकाना तर आपल्याच लोकांनी नीट वाचावा. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा अधिक दिवस मूल आलं नाही की ते दीर्घकालीन गैरहजर ठरतं. १८० दिवसांच्या वर्षात ही मर्यादा १८ दिवस. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून दोन आठवडे जास्त भारतात राहिलं की दहा दिवस तिथेच गेले. पुढे एक फ्लू आला की संपलं.

पत्त्याबद्दल काळजी घ्या, कारण इथे चूक महागात पडते. ओक ट्री रोड एडिसनमधून जातो तसा इझलिनमधूनही जातो, आणि इझलिन वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं. तिथली शाळा वेगळ्या शालेय जिल्ह्याची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या वेगळ्या स्थानिक यंत्रणेची. मटचन चहूबाजूंनी एडिसनने वेढलेलं आहे, पण त्याचाही शालेय जिल्हा स्वतंत्र. एजंटच्या जाहिरातीतलं शाळेचं नाव किंवा पिन कोड यावर विसंबू नका. घर क्रमांकासह पत्ता देऊन शालेय जिल्ह्याच्या कचेरीतून खात्री करा, मगच भाडेकरारावर सही करा.

नाव नोंदवताना भाडेकरार, वीज-गॅसची बिलं, जन्मदाखला, जुने निकाल आणि लसीकरणाची नोंद लागते. नातेवाइकांकडे उतरला असाल तर त्यांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र चालू शकतं. प्रवेशाचा हक्क ठरवताना व्हिसाची विचारणा शाळेने करायची नसते (एफ-वन विद्यार्थी व्हिसा हा अपवाद), आणि एखादा कागद कमी आहे म्हणून प्रवेश अडवायचा नसतो. रहिवासाच्या कारणावरून नकार मिळाला तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे २१ दिवसांत अपील करता येतं.

सगळ्यात जास्त घोळ लसींचा होतो. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची एमआर लस मिळते, त्यात गालगुंड नसतो. न्यू जर्सीला गालगुंडाचा डोस हवा. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, इथे ती लागते. शिवाय टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला), मेनिंगोकॉकल (मेंदुज्वराची लस) आणि हिपॅटायटिस बीचे तीन डोस. परदेशातून आलेल्या मुलाला पूर्ततेसाठी ३० दिवसांची सवलत मिळते, पण डोसांमधलं अंतर बघता पुण्या-मुंबईतच सुरुवात केलेली बरी. क्षयाची तपासणी सांगितली तर रक्ताची चाचणी मागा, कारण लहानपणी बीसीजी टोचलेल्याची त्वचाचाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते. तारखांमध्ये महिना शब्दांत लिहून घ्या. ०४/०७ इथे सात एप्रिल होतो.

महाराष्ट्र बोर्डाची दहावी करून येणाऱ्यांसाठी गुणपत्रिका पुरेशी नाही. हायस्कूलच्या पदविकेसाठी राज्य १२० क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांना मिळणारी एककं) मागतं. त्यात गणिताची १५, तीही अल्जिब्रा वन आणि भूमितीसह, आणि विज्ञानाची १५, त्यात प्रयोगशाळेसह जीवशास्त्र. आपल्या गुणपत्रिकेवर गणित एकच दिसतं. भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती हे आतलं विभाजन समुपदेशकाला कळायचं कसं? विज्ञानाचंही तसंच. म्हणून नववी-दहावीच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत सोबत द्या आणि शाळेकडून प्रयोगांचं पत्र आणा. एवढं केलं नाही तर शिकलेलंच गणित पुन्हा वाट्याला येण्याची शक्यता असते. अकरावीत येणाऱ्याला अमेरिकेचा इतिहास दोन वर्षांत बसवायचा असतो, शिवाय त्याच वर्षी वसंतात राज्याची पदविका-पात्रता चाचणी, उत्तीर्णतेला ७२५ गुण. अकरावीतच यावं लागणार असेल तर जूनमध्येच समुपदेशकाला गाठा.

इमारतीवरचा ताण हे जेपीचं खरं दुखणं. शाळांच्या विस्तारासाठी मांडलेला १८.९५ कोटी डॉलरचा कर्जरोखा मतदारांनी डिसेंबर २०१९ मध्ये नाकारला. घराच्या करात वाढ नको हे समजतं, पण मुलांना जागा लागतेच.

मूल गणितात फार पुढे असेल तर आठवीतच मिडलसेक्स काउंटीच्या विज्ञान-गणित अकादमीचा अर्ज भरा. ती एडिसनमध्येच आहे, प्रवेश परीक्षेवर, जागा मोजक्या. उलट, मध्यम गतीच्या मुलासाठी दक्षिण एडिसनचं घर नाकारू नका. शाळेची बस मोफत हवी तर हायस्कूलसाठी घर अडीच मैलांहून लांब असावं लागतं, हेही घर पाहतानाच मोजा.

मराठीचा एक रोख उपयोग बहुतेकांना ठाऊक नसतो. परदेशी भाषेची पाच क्रेडिट वर्गात न बसता प्रावीण्य दाखवूनही मिळतात, आणि न्यू जर्सीत द्विभाषिक प्रावीण्याची राज्यमुद्रा पदविकेवर मिळते. स्टॅम्प या भाषा-प्रावीण्याच्या चाचणीत मराठी आहे. मुद्रेसाठी वाचन, लेखन, श्रवण, संभाषण चारहींत मध्यम पातळी गाठावी लागते. घरी नुसतं बोलणारी मुलं लेखनात अडखळतात, तेव्हा बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत आठवी-नववीपासूनच घाला आणि चाचणीची व्यवस्था जिल्हा करतो का, हे दहावीत विचारून ठेवा.